सोड्याचा झरा आणि काकूंचा आड



मी देवासची. मध्य प्रदेशातलं, माळव्यातलं देवास. पवारांच्या दोन पात्या असलेलं संस्थान, म्हणून घरात मराठी आणि दाराबाहेर माळवी-हिंदी असंच आमचं बालपण गेलं. पुढे मी भूशास्त्र शिकले आणि कॉलेजात तीसेक वर्षं तेच शिकवलं. भूजल, म्हणजे जमिनीखालचं पाणी, हा माझा विषय. पण आज गोष्ट सांगणार आहे ती देवासपासून फार लांबच्या एका झऱ्याची. ती सांगता सांगता मला घरी यावं लागणार आहे, आणि घरचा भाग सांगायला मला थोडं जड जातं. तेव्हा आधी झरा.

माझा भाचा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात असतो. न्यूयॉर्क शहरात नव्हे, तिथून उत्तरेला सुमारे तीनशे किलोमीटरवर. तिथे मॉल्टा नावाच्या गावात संगणकाच्या चिप बनवायचा मोठा कारखाना आहे, आपली बरीच मुलं तिकडे कामाला आहेत. मी गेले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुला तुझ्या विषयातलं काहीतरी दाखवतो," आणि पंधरा-वीस मिनिटं गाडी हाकून एका गावाच्या मधोमध घेऊन गेला. गावाचं नाव सॅराटोगा स्प्रिंग्ज.

रस्त्याच्या कडेला एक छोटा मंडप, त्याखाली नळासारखी एक तोटी. पाणी अखंड वाहतंय. कुंपण नाही, तिकीट नाही. भाच्याने कागदी पेला भरून हातात दिला. मी एक घोट घेतला आणि, खरं सांगते, थुंकावासा वाटला. खारट. लोखंडाची चव. आणि वर जिभेला झिणझिण्या, कारण पाण्यात वायू होता. जमिनीतून थेट सोडा येत होता! आपल्याकडे झरा म्हटला की वज्रेश्वरी, राजापूरचं उन्हाळे, मणिकर्ण, राजगीर असं काहीतरी गरम डोळ्यांपुढे येतं. हे पाणी चक्क गार होतं.

त्या झऱ्याचं नाव हॅथॉर्न. १८६८ साली एका हॉटेलच्या बांधकामासाठी पाया खणताना तो सापडला. म्हणजे हॉटेलवाल्याला पायाच्या खड्ड्यात लक्ष्मी मिळाली. पोट साफ व्हायला हे पाणी उत्तम अशी त्याची ख्याती होती. मी अर्धा पेलाच घेतला, तेव्हा त्याबाबत अनुभव सांगू शकत नाही.

आता या गावाखाली आहे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

सोड्याची बाटली डोळ्यांपुढे आणा. आत वायूने भरलेलं पाणी, वर घट्ट बूच. सॅराटोगाच्या खाली चुनखडीच्या जातीचा खडक आहे, त्याच्या भेगांमध्ये हे खारं पाणी आहे आणि त्यात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेला आहे. या खडकावर शेल नावाच्या चिकट, पाणी न जाऊ देणाऱ्या खडकाचा जाड थर आहे. तो झाला बूच. आणि गावातून जमिनीतला एक मोठा भंग जातो, म्हणजे पूर्वी कधीतरी खडक तुटून एक बाजू खाली सरकली. त्या भंगाच्या बाजूने बुचाला फटी पडल्या. तिथून पाणी वर चढतं. वर येता येता दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे सुटतात, आणि ते बुडबुडेच पाण्याला आणखी वर ढकलतात. पंप नको, काही नको. तिथे एक फवाराही आहे. ओढ्यातून उसळतो, आणि खाली साचलेल्या क्षारांचा मोठा घुमट झाला आहे. लोक त्याला गीझर म्हणतात. पण त्याला उकळवणारं काही खाली नाही, वायूच त्याला उडवतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाटली एक आहे. आणि पाण्याला वर आणणारी शक्ती ही पाण्यातच विरघळलेली आहे.

हे पाणी सगळ्यांत आधी माहीत होतं ते तिथल्या मूळ रहिवाशांना. जनावरं मीठ चाटायला येत, त्यांच्या मागे शिकारी येत. हाय रॉक नावाचा झरा तर स्वतःच्याच क्षारांनी बांधलेल्या, माणसाच्या कमरेएवढ्या शंकूतून येत असे. अठराव्या शतकात विल्यम जॉन्सन नावाचा ब्रिटिश अधिकारी होता, लढाईत पायाला गोळी लागून अधू झालेला. त्याला मोहॉक लोकांनी डोलीत घालून या झऱ्यापाशी आणलं. त्याला बरं वाटलं, आणि गोऱ्यांच्या जगात पाण्याचं नाव झालं. ज्यांनी डोली वाहिली त्यांच्याकडे पुढे ना जमीन राहिली ना झरा. जॉर्ज वॉशिंग्टन १७८३ साली इथे येऊन गेला, आणि हा झरा विकत घ्यावा असं त्याच्याही मनात आलं होतं.

मग आला गिडियन पुटनम. आपल्या भाषेत खटपट्या माणूस. काँग्रेसच्या एका सदस्याच्या नजरेस १७९२ साली पडला म्हणून काँग्रेस स्प्रिंग नाव मिळालेला झरा होता, त्याच्यासमोर याने खानावळ काढली, रुंद रस्ते आखले, गाव वसवलं. या काँग्रेस स्प्रिंगची एक गोष्ट सांगतात. तो खडकातून बारीक धारेने येत असे. धार मोठी व्हावी म्हणून लोकांनी तो खडक उकरला, आणि धार बंद पडली. पुटनमला मग शेजारच्या ओढ्याच्या तळातून बुडबुडे येताना दिसले. त्याने ओढा बाजूला वळवला, तळात लाकडी नळी ठोकली आणि झरा परत मिळवला. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगत असे, कारण पुढच्या शंभर वर्षांची सगळी कथा त्यात आधीच येऊन गेली आहे.

१८२० च्या दशकात डॉ. जॉन क्लार्क यांनी काँग्रेस स्प्रिंग घेतला आणि पाणी बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली. १८३२ मध्ये आगगाडी आली. मग काय, हॉटेलांवर हॉटेलं. ग्रँड युनियन नावाचं हॉटेल जगातलं सर्वांत मोठं म्हणून मिरवत असे. सकाळी झऱ्यावर पेले रिचवायचे, दुपारी बँड, संध्याकाळी व्हरांड्यात फेऱ्या, रात्री जुगार. १८६३ पासून घोड्यांच्या शर्यती, त्या आजही होतात. बटाट्याचे वेफर्स इथल्याच एका हॉटेलात जन्मले अशीही गोष्ट आहे, पण इतिहासकार ती फारशी मानत नाहीत. मीही मानत नाही. बटाटा पातळ कापून तळायला माणसाला सॅराटोगापर्यंत जावं लागलं असेल, असं वाटत नाही.

पण या व्हरांड्यात सगळ्यांना जागा नव्हती. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो सॉलोमन नॉर्थप याच गावात राहायचा, स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक, व्हायोलिन वाजवणारा. १८४१ साली इथूनच त्याला कामाची फूस लावून नेलं आणि वॉशिंग्टनला पोचल्यावर गुलाम म्हणून विकलं. १८७७ मध्ये जोसेफ सेलिगमन या मोठ्या बँकरला ग्रँड युनियनने खोली नाकारली, कारण तो ज्यू होता. पाणी जमिनीतून फुकट येत होतं, पण त्याच्याभोवती कुणी बसायचं हे वरची माणसं ठरवत होती.

आता मुख्य भाग.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सोडा फाउंटनचं वेड होतं. औषधाच्या दुकानात एक काउंटर असे, तिथे साध्या पाण्यात वायू भरून, सरबत घालून देत. त्यासाठी वायू हवा. १८९० च्या दशकात काही कंपन्यांच्या लक्षात आलं की सॅराटोगाच्या पाण्यात जे आहे त्यातलं पाणी नव्हे, वायू हा खरा माल आहे. त्यांनी जागा घेतल्या, खडकात खोल विहिरी पाडल्या, पंप बसवले. पाणी ओढायचं, त्यातला वायू वेगळा करायचा, दाबून लोखंडी नळकांड्यांत भरायचा, आगगाडीने शहरांत पाठवायचा. आणि पाणी? ते ओढ्यात सोडून द्यायचं. ज्या पाण्यासाठी शंभर वर्षं माणसं येत होती, ते आता टाकाऊ झालं होतं.

बाटली एकच आहे हे सांगितलं ना मी. पंपांनी बाटलीतला दाब उतरवला. दाब उतरला तसा वायू खालीच सुटायला लागला, पाण्याला वर आणणारी शक्ती गेली. गावातले झरे मंदावले, मग एकेक करून वाहायचे थांबले. ज्यांनी काहीच खणलं नव्हतं त्यांच्या दारातलं पाणी गेलं.

लोकांनी जाब विचारला तेव्हा कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं: जागा आमची, विहीर आमची, आम्ही आमच्या जागेत पंप चालवतो. आणि हे म्हणणं हवेत नव्हतं. याला कायद्याचा आधार होता, इंग्लंडहून आलेला. १८४३ सालचा एक निकाल आहे, अॅक्टन विरुद्ध ब्लंडेल. लँकेशायरमधल्या एका कापडगिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. गिरणीवाला कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, जमिनीखाली झिरपणारं पाणी ज्याच्या जमिनीत त्याचं. त्याने ते काढलं आणि तुझी विहीर आटली, तर तुझं नुकसान झालं खरं, पण तुझी तक्रार चालणार नाही. त्या काळी जमिनीखालचं पाणी कसं वाहतं हे कुणालाच नीट कळत नव्हतं. कळत नाही, तर कायदा तरी काय करणार, असाच सूर होता.

न्यूयॉर्कमध्ये या तत्त्वाला १९०० साली पहिला धक्का बसला होता. न्यूयॉर्क शहराने पंप लावून पाणी ओढलं आणि फोर्बेल नावाच्या शेतकऱ्याची सेलरीची नि आळवाची, म्हणजे आपलं अळू नव्हे, पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीची शेती सुकली. कोर्टाने शेतकऱ्याची बाजू घेतली. तुझ्या जमिनीच्या वापरापुरतं पाणी काढ, पण बाहेर नेऊन विकायला शेजाऱ्याची जमीन कोरडी करू नकोस.

सॅराटोगाचे लोक मग विधिमंडळात गेले. १९०८ मध्ये कायदा झाला. त्याने पाणी प्यायला बंदी घातली नाही, बाटल्या भरायलाही नाही. खडकात पाडलेल्या विहिरींतून पंपाने असं पाणी ओढून, वायू वेगळा करून विकणं, हे त्याने थांबवलं. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने हॅथॉर्न झऱ्याच्या खटल्यात पंप चालवणाऱ्या नॅचरल कार्बोनिक गॅस कंपनीविरुद्ध निकाल दिला. मग प्रकरण देशाच्या सुप्रीम कोर्टात गेलं, आणि तेही गमतीच्या वाटेने. लिंड्स्ली नावाचा त्या कंपनीचाच एक भागधारक होता. त्याने स्वतःच्या कंपनीवर खटला भरला की हिला हा कायदा पाळू देऊ नका, माझा पैसा बुडेल!

१९११ साली निकाल आला. कोर्टाने कायदा उचलून धरला. त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. पाणी आणि वायू यांचा साठा खाली सामाईक आहे. वरच्या प्रत्येक जमीनमालकाचा त्यातून घेण्याचा हक्क आहे, पण प्रत्येकाचा हक्क सारखा आहे. म्हणून एकाने वाजवीपेक्षा जास्त ओढावं किंवा वाया घालवावं आणि त्यामुळे बाकीच्यांना मिळू नये, हे थांबवण्याचा अधिकार सरकारला आहे. याने मालकाची मालमत्ता हिरावली जात नाही, उलट सगळ्या मालकांची राखली जाते. नैसर्गिक वायूच्या बाबतीत इंडियाना राज्याच्या खटल्यात हेच कोर्ट आधी असं बोललं होतं, तेच आता पाण्याला लागू झालं.

दरम्यान १९०९ मध्ये राज्याने आयोग नेमला, झरे आणि कंपन्यांच्या जागा विकत घेतल्या, पंप बंद केले. आयोगाचे पहिले अध्यक्ष स्पेन्सर ट्रास्क त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी रेल्वे अपघातात गेले. त्यांनी झरे परत वाहताना पाहिले नाहीत. गावच्या बागेत त्यांच्या स्मरणार्थ पंख असलेल्या स्त्रीचा पुतळा आहे, लिंकनचा तो प्रसिद्ध बसलेला पुतळा घडवणाऱ्या डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनीच केलेला. पंप थांबल्यावर खालचा दाब हळूहळू भरून आला. सगळे नाही, पण बरेच झरे पुन्हा वाहू लागले.

पुढचं थोडक्यात. पोलिओने पाय लुळे पडलेले फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर असताना त्यांनी इथे सरकारी स्नानगृहं आणि आरोग्यधाम उभारायला जोर लावला. १९३५ मध्ये ते उघडलं, सोबत गिडियन पुटनमच्या नावाचं हॉटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर औषधं बदलली, पाणी पिऊन बरं होण्यावरचा विश्वास ओसरला. काही झऱ्यांच्या पाण्यात रेडियम आहे, हेही मोजून झालं आहे. एके काळी रेडियमला लोक गुणकारी मानायचे, आता रोज पेलेच्या पेले पिऊ नका म्हणतात. आज तो भाग राज्याचं उद्यान आहे.

मी त्या तोटीपाशी उभी होते तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, कसला विचार करतेस?" मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगते.

आमच्या देवासच्या घराला लागून एका काकूंचं घर होतं. त्यांच्या अंगणात आड होता, दगडी, वर रहाट. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली सहा-सात घरं त्या आडावर पाणी भरत. काकू कधी कुणाला नाही म्हणाल्या नाहीत, फक्त पोहरा आपटू नका म्हणून ओरडायच्या. १९८० च्या दशकात माळव्यात ट्यूबवेलची लाट आली. बाबांनी आमच्या अंगणात अडीचशे फुटांचा बोअर पाडला. मशीन आलं, रात्रभर धडधड, पहाटे पाणी लागलं, पेढे वाटले. पहिला पेढा काकूंना. दुसऱ्या उन्हाळ्यात काकूंच्या आडाचा तळ दिसायला लागला. तिसऱ्या उन्हाळ्यात आड कोरडा.

माळव्यात काळा पत्थर आहे, बसाल्ट. त्यात पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत असतं, आणि खालच्या भेगा वरच्याला कुठे ना कुठे जोडलेल्या असतात. मी तेव्हा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. मला हे कळत होतं. मी एकदा बाबांना म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "आपल्या जागेत आपण खणलं, त्यांच्या भिंतीला हातसुद्धा लावला नाही." आणि कायद्याने ते बरोबर होते. आपला १८८२ चा सुविधाधिकार कायदा, ज्याला इझमेंट्स अॅक्ट म्हणतात, त्याच्या सातव्या कलमाखालच्या उदाहरणात त्याच इंग्रजी निकालांचं तत्त्व लिहिलेलं आहे: स्वतःच्या हद्दीत जमिनीखालचं झिरपणारं पाणी काढायचा मालकाला हक्क आहे. लँकेशायरच्या गिरणीवाल्याला जे उत्तर मिळालं, तेच काकूंना मिळालं असतं. त्यांनी विचारलंच नाही. त्या कळशी घेऊन आमच्या नळावर यायच्या. आई आत बोलवायची, चहा द्यायची. आईची नजर खाली असायची, काकूंची नाही.

१९९० साली देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुम्ही कदाचित वाचलं असेल. असे आमच्यासारखे किती बोअर झाले असतील, त्याचा तो हिशेब होता.

कायदे झाले नाहीत असं नाही. मध्य प्रदेशात १९८६ मध्ये झाला, जिल्हाधिकाऱ्याला टंचाईत बोअरवर बंदी घालता येते. महाराष्ट्रात १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरचा नियम आला, मग २००९ चा भूजल अधिनियम. केरळात प्लाचिमाडाला शीतपेयाच्या कारखान्याने पाणी ओढल्यावरून खटला झाला. पुन्हा सोडाच, बघा! २००३ मध्ये एका न्यायमूर्तींनी सांगितलं की भूजल ही सगळ्या जनतेची ठेव आहे. २००५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं. आणि त्या १८८२ च्या उदाहरणाला अजून कुणी हात लावलेला नाही.

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. आमचा बोअर आटला आहे. मशीनवाला म्हणतो, चारशे फुटांपर्यंत जाऊ, नक्की लागेल. भाऊ म्हणाला, "ताई, तू यातली, तूच सांग." काकू आता नाहीत. त्यांच्या आडावर फरशी टाकून वर नातवाची मोटरसायकल उभी असते. मी भावाला म्हटलं, मशीन थांबव, आधी त्या नातवाला भेट, फरशी उचलायला सांग आणि आडात दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मला कळव. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजू. आमच्या छपराचं पाणी त्या आडात सोडता येईल का, तेही त्याला विचार.

नातू हो म्हणाला आहे. मोटरसायकल कुठे लावायची एवढंच त्याने विचारलं. ती आता आमच्या अंगणात, बोअरच्या शेजारी उभी असते.